पायपेटीचे सूर आणि त्यांची दुरुस्ती

मोठ्या चर्चमधील ऑर्गन हे मुळात नळ्यांचे वाद्य आहे. भात्याने साठवलेली हवा लाकडी पेटीत येते, पट्टी दाबताच झडप उघडते आणि ती हवा धातूच्या किंवा लाकडाच्या नळीत शिरून सूर उमटतो. प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी लागत असल्याने अशा वाद्यासाठी शेकडो नळ्या, प्रशस्त जागा आणि त्या नळ्या वेळोवेळी सुरात लावणारा जाणकार कारागीर लागतो. मुंबईतील मोठ्या चर्चना हा खर्च पेलला, परंतु राळेगावसारखी कापसाची गावे असलेल्या यवतमाळच्या मुलखात तो पेलणे अवघड होते, आणि अशा भागांत मिशनऱ्यांसोबत आली ती पायपेटी, म्हणजे पितळी सुरांचा, पायाने भाता हाकण्याचा लहान ऑर्गन.

पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याच्या वाद्यात भाता सुरांवर हवा ढकलतो, तर पुढे अमेरिकेत रूढ झालेल्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो व त्यामुळे आवाज अधिक मऊ येतो. ट्रंकेसारखी घडी होणारी पायपेटीही निघाली, जी गावोगावच्या फिरतीवर नेता येई. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजने रचल्यावर मराठी मंडळीच्या उपासनेत देशी चालीही रुजल्या. ऑर्गन मात्र चर्चपुरता राहिला नाही. संगीत रंगभूमीने तो आपलासा केला आणि बालगंधर्वांच्या गाण्यामागे तो भरून वाजू लागला.

या वाद्याची दुरुस्ती हवामानापासून सुरू होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून सुरांच्या पाटाला बारीक चीर पडते व हवा गळते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. भात्याचे कापड आणि झडपांचे चामडे झिजणारच, ते बदलण्यात काही गैर नाही. पितळी सुराची गोष्ट वेगळी आहे: त्याची जीभ टोकाशी खरवडली तर सूर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो, आणि एकदा निघालेले पितळ परत येत नाही. म्हणून आधी धूळ व गंज काढून, गळती बंद करून, मगच कानस हाती घ्यावी.

फिलिपिन्समधील लास पिन्यास येथील, 1824 मध्ये पूर्ण झालेला बांबूच्या नळ्यांचा ऑर्गन 1973 ते 1975 या काळात जर्मनीतील बॉन येथे दुरुस्त झाला, तेव्हा कारागिरांनी त्यासाठी फिलिपिन्ससारखे उष्ण, दमट हवामान खोलीत निर्माण केले होते. एवढी साधने येथे नसली, तरी जुन्या पायपेटीचे मूळ सूर भंगारात घालून नवे बसवणे ही दुरुस्ती नव्हे. ज्या चर्चमध्ये किंवा नाट्यसंस्थेत असे वाद्य पडून आहे, तिने निदान ते सूर तरी क्रमाने, कोरड्या जागी जपून ठेवावेत.