जैसे थे

माझी आजी जिंतूरकडची, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातली. जावाजावांचं भांडण तात्पुरतं थांबलं की म्हणायची, "तह कसला? जैसे थे झालंय नुसतं." हा शब्द आमच्या घरात आला 29 नोव्हेंबर 1947 च्या करारातून. हैदराबादचा निजाम आणि भारत सरकार यांनी वर्षभर सगळं होतं तसंच ठेवायचं ठरवलं. तहानं काहीतरी मिटतं. इथं काहीच मिटलं नव्हतं. खेड्यात तर थांबलंही नाही. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीनं आजीनं पितळेची भांडी परसात पुरली आणि रातोरात बैलगाडीनं वऱ्हाड गाठलं. करार दहा महिनेही टिकला नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात आल्या, 17 ला निजाम शरण आला. मग भांडी निघाली. त्यातली बुडाला चेपलेली घागर अजून आमच्या देवघरात आहे.