तळटीप 17 : देवीतला ड्रॅक्युला

17. देवीतला ड्रॅक्युला : ‘देवी’ म्हणजे खामगावची मोठी देवी, कोजागरीला बसणारी जगदंबा. ड्रॅक्युला हा ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या इंग्रजी कादंबरीतला रक्तपिपासू सरदार. देवीच्या जत्रेतल्या भूतबंगल्याच्या पत्र्यावर रंगवतात तो मात्र सिनेमातला : काळा झगा बेला लुगोसीचा (1931), लाल डोळे आणि रक्ताळलेले सुळे ख्रिस्तोफर लीचे (1958). उन्हाने तो मरतो, ही ‘नॉस्फेराटू’ (1922) या मूकपटाची भर. कादंबरीत स्वारी भरदिवसा लंडनमध्ये हिंडते. याच परिच्छेदातला ‘नेवला’ म्हणजे रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’मधला (1990) काळ्या पहाडीवरचा देशी ड्रॅक्युला, भूमिका अनिरुद्ध अग्रवाल यांची. पोरे याला जास्त घाबरत, हे लेखकाचे म्हणणे पटण्यासारखे आहे.