पंधरा वर्षांच्या लातूरकराने ‘ड्राय’ का वाचावं

मागच्या दिवाळीत लातूरला मावशीकडे गेलो होतो. मावसबहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा. ‘हंगर गेम्स’ नुकतंच संपवलेलं. म्हणाला, “मामा, असंच अजून एक सांग ना. जग संपतंय आणि पोरं जगायला धडपडतायत, असं काहीतरी.”

मी त्याला ‘ड्राय’ सांगितलं. नील शुस्टरमन आणि त्यांचा मुलगा जॅरॉड यांनी मिळून लिहिलेली ही कादंबरी २०१८ची. कोलोरॅडो नदीचं पाणी वरची राज्यं अडवतात आणि दक्षिण कॅलिफोर्नियाचे नळ एका दिवशी कोरडे पडतात. सोळा वर्षांची अलिसा दुकानात पोहोचते तेव्हा बाटल्या संपलेल्या असतात, म्हणून ती बर्फ उचलते. आईवडील पाण्याच्या शोधात जातात आणि परतत नाहीत. मग अलिसा, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारचा केल्टन बाहेर पडतात. वाटेत आणखी दोघं भेटतात. पाचही जण आळीपाळीने गोष्ट सांगतात, त्यामुळे पान खाली ठेवता येत नाही. पुढचं सांगत नाही.

भाचा म्हणाला, “नळ बंद? भारी आयडिया आहे.”

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, “आयडिया कसली? तू सहा वर्षांचा होतास तेव्हा.”

त्याला काहीच आठवत नव्हतं. मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगला होतो, मला आठवतं. म्हणून पुस्तकासोबत हा इतिहासही त्याला दिला.

लातूर शहराला पाणी मांजरा धरणातून येतं. सलग कमी पावसाच्या वर्षांनंतर धरण आटलं. नळ आधी आठवड्यावर गेला, मग पंधरवड्यावर, शेवटी येईनासाच झाला. मार्च २०१६मध्ये प्रशासनाने पाणी भरायच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावलं. दंगलीसाठी असलेलं कलम घागरींच्या रांगेला लागलं. शिकवण्यांसाठी आलेली कितीतरी मुलं गावी परतली.

११ एप्रिलला मिरजेहून रेल्वेचे दहा टँकर निघाले. प्रत्येकात पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख. सुमारे ३४० किलोमीटर कापून गाडी १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टँकरांची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. हा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ला बार्शीत आली, १९११ला लातूरला आणि १९२७ला तिचं दुसरं टोक मिरजेला टेकलं. शंभरेक वर्षांपूर्वी व्यापारासाठी आखलेल्या वाटेने, रुळ रुंद झाल्यावर, कृष्णेचं पाणी मांजरेच्या गावाला आलं.

आता पुस्तक आणि लातूर शेजारी ठेवून बघा. ‘ड्राय’मध्ये चार-पाच दिवसांत शेजारी शेजाऱ्यावर उठतो. लातुरात भांडणं झाली, रात्र रात्र जागरणं झाली, पण शहर रांगेत उभं राहिलं. त्या रांगेत बाया आणि पोरी जास्त होत्या. ज्याच्याकडे पैसे होते त्याच्या दारात टँकर येत होता. संकट सगळ्यांवर आलं, सारखं नाही आलं.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. कादंबरीत नळ एका दिवशी बंद होतो. आपल्याकडे असा दिवसच नव्हता. जुनी माणसं सांगतात, १९७२च्या दुष्काळात खायला धान्य नव्हतं, सुकडीवर दिवस काढले, पण विहिरींना थोडंफार पाणी होतं. नंतर बोअर आले. ऊस वाढला, साखर कारखाने वाढले, बोअर आठशे-हजार फुटांवर गेले. केल्टनच्या वडिलांनी घराची गढी केली होती: साठा, बंदुका, लपायची जागा. आमची गढी म्हणजे बोअर. प्रत्येकाने आपल्यापुरती सोय केली, आणि जमिनीखालचं पाणी मात्र सगळ्यांचं एकच होतं.

२०१६च्या पावसाळ्यात मांजरा भरलं. गाडी थांबली आणि विसरणंही तेव्हाच सुरू झालं, इतकं की त्याच शहरात वाढलेल्या पोराला नळ बंद पडणं ही लेखकाची आयडिया वाटते.

तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांना ‘ड्राय’ जरूर द्या. हिंसा आहे, हे आधी सांगा. इंग्रजी सोपं आहे. वाचून झालं की घरातल्या कुणाला तरी विचारायला लावा: २०१६ला आपल्या घरी पाणी कुठून यायचं, आणि भरायला कोण जायचं?

भाच्याने तीन दिवसांत पुस्तक संपवलं. त्याचा मेसेज आला: “मामा, आजीला विचारलं. रात्री दोन वाजता जायची म्हणे. मला कडेवर घेऊन.”