कर्नेल नवे, वायफाय गायब : एका तांत्रिक बिघाडामागचा इतिहास

१/ लिनक्सचे कर्नेल अद्ययावत होते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि वायफायचे चिन्ह नाहीसे झालेले असते. दुरुस्तीची फाइल इंटरनेटवर आहे आणि इंटरनेटच बंद आहे. पिंपळनेरसारख्या (ता. साक्री, जि. धुळे) गावात ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्याचे काम तिथेच अडते. या बिघाडाची मुळे वीस-पंचवीस वर्षांच्या एका वादात आहेत. #थ्रेड

२/ कर्नेल म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावरील प्रणाली यांच्यामधला कारभारी. ड्रायव्हर हा त्या कारभाऱ्याचा दुभाषी. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली, तेव्हा वायफाय अस्तित्वातच नव्हते. ८०२.११ हे बिनतारी जाळ्याचे मानक १९९७ मध्ये आले आणि १९९९ च्या सुधारणेनंतर ते घरोघरी पोहोचू लागले.

३/ भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम जानेवारी २००५ मध्ये अधिसूचित झाले. वायफाय येथे सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले, नेमक्या त्याच काळात लिनक्सच्या जगात वायफायच्या ड्रायव्हरवरून मोठा संघर्ष सुरू होता.

४/ संघर्षाचे कारण गोपनीयता. ब्रॉडकॉमसारख्या कंपन्या आपल्या चिपची माहितीपुस्तिका स्वतंत्र प्रोग्रामरांना देत नसत. रेडिओ लहरींवर सरकारी निर्बंध असतात. ड्रायव्हर खुला केल्यास कोणीही वारंवारता आणि शक्ती बदलेल, अशी सबब पुढे केली जाई. व्यापारी स्पर्धेची भीतीही त्यामागे होतीच.

५/ परिणाम लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये दिसला. त्यात लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर, जीपीएल परवान्यानुसार २००३ मध्ये त्याचा स्रोत प्रसिद्ध करावा लागला. वायरलेस ड्रायव्हर मात्र बंद स्वरूपातच राहिला. तो २.४ मालिकेच्या कर्नेलसाठी बांधलेला होता. त्यामुळे जग २.६ वर गेल्यानंतरही अशा राउटरांवर कित्येक वर्षे जुनेच कर्नेल वापरावे लागले.

६/ असे का व्हावे? लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या प्रोग्रामांशी असलेला व्यवहार कसोशीने स्थिर ठेवला जातो. कर्नेलच्या आतील व्यवहारांना मात्र तशी हमी नाही. ते जाणीवपूर्वक बदलते ठेवले आहेत. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी हे धोरण कर्नेलच्या दस्तऐवजांतच मांडले आहे. जो आतील रचना बदलतो, त्यानेच कर्नेलमधील सर्व ड्रायव्हर सुधारावेत, असा तेथील रिवाज.

७/ म्हणजे कर्नेलच्या कुटुंबात असलेला ड्रायव्हर घरासोबत बदलतो. बाहेर राहिलेला मागे पडतो. शिवाय प्रत्येक मॉड्यूल विशिष्ट आवृत्तीसाठी बांधलेले असते. नवे कर्नेल जुने मॉड्यूल सहसा स्वीकारत नाही. वायफाय गायब होण्याचे नेहमीचे कारण हेच.

८/ यातून वाटा शोधल्या गेल्या. २००३ मध्ये पॉन्टस फुक्स आणि गिरिधर पेम्मासानी यांचे एनडीआयएसरॅपर आले. ते चक्क विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवी. त्याच सुमारास डेल कंपनीत डीकेएमएस तयार झाले. कर्नेल बदलले की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यासाठी आपोआप पुन्हा बांधायचा, हे त्याचे काम.

९/ तिसरी वाट अधिक कष्टाची. एका गटाने ब्रॉडकॉमच्या बंद ड्रायव्हरचा अभ्यास करून केवळ वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता त्या वर्णनावरून नवा लिहिला. कायद्याचा आक्षेप येऊ नये म्हणून ही विभागणी. तो ड्रायव्हर जून २००६ मध्ये २.६.१७ आवृत्तीत समाविष्ट झाला. चिपच्या आत चालणारे फर्मवेअर मात्र वापरकर्त्याला वेगळे मिळवावे लागे.

१०/ हा प्रश्न महाराष्ट्राच्या एका शाळेपर्यंतही आला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती आले. राउटरशिवाय ते एकमेकांशी जोडले जात. त्यातील मार्व्हेल चिपचा लिबर्टास हा ड्रायव्हर त्याच वर्षी २.६.२२ आवृत्तीत आला.

११/ ड्रायव्हर खुला, फर्मवेअर बंद. मुलांनी यंत्र उघडून शिकावे अशी ज्या प्रकल्पाची भूमिका, त्यानेच मार्व्हेलशी गोपनीयतेचा करार का करावा, असा सवाल ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांनी २००६ मध्येच जाहीरपणे केला होता. दूरच्या कंपनीतील करार खैराटच्या वर्गातील यंत्राच्या मर्यादा ठरवत होता.

१२/ हळूहळू पारडे फिरले. अथेरॉसने २००८ मध्ये ॲथ९के हा खुला ड्रायव्हर दिला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर जाहीर केला. रिअलटेकच्या अनेक चिपसाठीचा आरटीडब्ल्यू८८ हा २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत आला. तरीही काही चिप अजून बाहेरच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहेत.

१३/ म्हणून दुरुस्तीचा क्रमही या इतिहासातूनच येतो. प्रथम ग्रबच्या यादीतून जुने कर्नेल निवडून संगणक सुरू करावा. वायफाय परतले, तर दोष यंत्राचा नाही. ते न जमल्यास फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करावे. त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही आणि सुरुवातीचा पेच सुटतो.

१४/ मग नव्या कर्नेलच्या हेडर फाइली आणि बांधणीची साधने बसवून डीकेएमएसकडून ड्रायव्हर पुन्हा बांधून घ्यावा. बांधणीच फसली, तर ड्रायव्हरची नवी आवृत्ती हवी. बांधूनही चढत नसेल, तर सिक्युअर बूट तपासावे; स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल ते अडवते. ड्रायव्हर चढूनही जाळे दिसत नसेल, तर फर्मवेअरचे पॅकेज पाहावे. सारे नीट चालेपर्यंत जुने कर्नेल काढून टाकू नये.

१५/ नवा लॅपटॉप किंवा डोंगल घेण्यापूर्वी त्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे का, एवढे विचारावे. तो असेल, तर पुढच्या अद्ययावतीकरणाची काळजी कर्नेल सांभाळणारेच वाहतात. नसेल, तर ती पिंपळनेरमधील वापरकर्त्याच्या शिरावर येते, आणि तीही नेमकी इंटरनेट बंद असताना.