राखायला शांतताच नव्हती
बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार मार्च १९९२ मध्ये पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःची फौज नसते. ठराव सुरक्षा परिषदेचा, जवान निरनिराळ्या देशांचे. ही सेना नेमली होती क्रोएशियासाठी. मुख्यालय मात्र बोस्नियात, साराजेव्होला. एप्रिलमध्ये बोस्नियाच पेटला. परिषद ठरावांवर ठराव करत गेली, पण राखायला शांतताच नव्हती. वर्षभरानं मुदतवाढ नाकारून नंबियार परतले. फौजेत आम्ही एक गोष्ट शिकतो: काम सोपवणाऱ्यानं बळही द्यायचं असतं. म्हणून देशांनी मिळून ठराव केला की मी आधी पाहतो, त्यासाठी जवान कोण देतंय आणि किती. जय हिंद.