बिंदू, वर्तुळ आणि विसावा

परमुलखी बदली झालेल्या नोकरदारास कचेरीपेक्षा कचेरी सुटल्यानंतरची संध्याकाळच अधिक जड जाते. ती हलकी करण्यासाठी आम्हांपैकी काहींनी अलीकडे एक छंद जवळ केला आहे. काळ्या पाटावर किंवा गुळगुळीत गोट्यावर मध्यबिंदूपासून बाहेर रंगाच्या ठिपक्यांची वर्तुळे मांडीत जावयाची, इतकेच त्याचे स्वरूप. यास कोणी 'ठिपक्यांचे मंडल' म्हणतात. छंद नवा असला तरी त्याचे कूळ जुने आहे, आणि त्या कुळात विसाव्याला सुरुवातीस मुळीच स्थान नव्हते.

मंडल म्हणजे वर्तुळ. वज्रयान पंथात मात्र तो देवतेच्या निवासाचा आराखडा ठरला. वेरूळच्या बाराव्या लेण्यात नऊ चौकटींचे मंडल कोरलेले आहे. मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. स्पितीच्या खोऱ्यातील ताबो येथील विहार ९९६ साली स्थापन झाला. त्याच्या सभागृहातील मंडल भिंतींवरील मृण्मय मूर्तींनी साकारले असून उपासक प्रत्यक्ष त्या मंडलाच्या आतच उभा राहतो. तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल कित्येक दिवस खपून रचतात, आणि विधी संपताच ते पुसून वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. हा सारा साधनेचा व्यवहार होता, करमणुकीचा नव्हे.

या वर्तुळास मनाच्या स्वास्थ्याशी जोडले ते स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी. त्यांनी पहिले मंडल १९१६ साली रेखाटले. पुढे १९१८-१९ मध्ये शातो-दे येथे, स्थानबद्ध इंग्रज सैनिकांच्या छावणीवर अधिकारी असताना, ते रोज सकाळी वहीत एक लहानसे वर्तुळचित्र काढीत. त्या दिवशीची आपली मनःस्थिती त्या चित्रात उमटते, असे त्यांच्या ध्यानात आले. घरापासून दूर नेमणुकीवर असलेला एक अधिकारी आणि त्याची वही, हे चित्र आमच्या वाचकांस परके वाटू नये.

ठिपक्यांचा वंश निराळा आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील पापुन्या येथे १९७१ साली जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तेथील आदिवासी वडीलधाऱ्यांनी आपल्या भूमीच्या पुराणकथा फळ्यांवर रंगविण्यास आरंभ केला. पुढे दाट ठिपक्यांनी गुप्त चिन्हे झाकण्याचीही रीत पडली. तेव्हा त्यांची चिन्हे शोभेसाठी उचलणे उचित नव्हे, असे आम्हांस वाटते.

आपल्या रांगोळीत ठिपके आधी मांडतात आणि रेषा त्यांना जोडीत जाते. तमिळ कोलमात ती कित्येकदा त्यांच्याभोवती वळसे घेते. या नव्या छंदात क्रम उलटा आहे. प्रथम कंपासाने वर्तुळे व पट्टीने समान कोनांच्या रेषा आखावयाच्या; मग पेन्सिलीच्या मागील टोकाने किंवा गोल काडीने मध्यापासून बाहेर ठिपके द्यावयाचे. प्रत्येक ठिपक्यास काडी नव्याने बुडविली तर सारे सारखे उमटतात. एकाच बुडवणीत देत गेल्यास ते क्रमाने लहान होतात. एक थर वाळल्याखेरीज त्यावर दुसरा चढवू नये. शिकण्यासारखे मुख्य ते एवढेच. बाकी हाताचे धैर्य.

मन खरोखरच निवते काय? अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८४ विद्यार्थ्यांची चिंता प्रथम वाढविण्यात आली. मग मंडल रंगविणाऱ्यांची चिंता, कोऱ्या कागदावर मनास येईल ते काढणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. परंतु साधी चौकटींची नक्षी रंगविणाऱ्यांनाही तसाच गुण आला. म्हणजे या प्रयोगापुरते तरी गुण वर्तुळाच्या पावित्र्याचा दिसत नाही. आखून दिलेल्या मर्यादेत हात गुंतल्याचा दिसतो. दिवसभर इतरांनी आखलेल्या रकान्यांत लिहिणाऱ्या आम्हांस संध्याकाळी स्वतः आखलेली मर्यादा का सुखविते, याचे उत्तर बहुधा येथेच असावे.