पंधरा किलोवॅटचं कूळ

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या शिवारात पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीचं कुणाला अप्रूप नाही. अशा चार मोटरी एकदम चालवायला जेवढी वीज लागते, साधारण तेवढ्यावर नंदुरबारच्या सातपुड्यातलं एक अख्खं गाव २००३ साली उजळलं. अक्राणी तालुक्यातलं बिलगाव. वीज पंधरा किलोवॅट. उदई नदीचा धबधबा, वर बंधारा, खाली टर्बाइन आणि जनित्र, आणि तिथून पाड्यापाड्यांत गेलेल्या तारा. वीज मंडळ तिथवर पोचलेलंच नव्हतं.

गावापुरतं असं जाळं हा नवा शोध, असं आपण धरून चालतो. खरं तर वीज जन्माला आली तीच गल्लीपुरती. १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर केंद्र सुरू केलं, तेव्हा त्याची वीज मैलभराच्या पलीकडे जात नसे. तिला लांबचा पल्ला मिळाला तो प्रत्यावर्ती प्रवाहामुळे. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनची वीज पावणेदोनशे किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला पोचली. आपल्याकडेही सुरुवात डोंगरातच झाली. १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला १३० किलोवॅटचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं, तेही दार्जिलिंगपुरतं. मग १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत गेली. धरण डोंगरात, दिवा शहरात, ही रीत पुढे रुळली. तारांखालच्या वाड्या पुढे कित्येक वर्षं चिमणीवरच होत्या.

धाकटी पाती टिकली ती हिमालयात. नेपाळमध्ये १९७० च्या दशकात स्थानिक कारखान्यांनी छोट्या टर्बाइन बनवायला घेतल्या, त्या मुळात दळणासाठी. पीठ दळायचं, भात कांडायचा, तेल काढायचं. त्याच पट्ट्यावर पुढे जनित्र चढलं आणि रात्री दिवे लागले. म्हणजे गिरणी आधी, बल्ब नंतर.

हिशेब कुणालाही करता येण्याजोगा आहे. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला अडीचशे लिटर पाणी सोडलं, तर गळती-घर्षण वजा जाता पंधरा किलोवॅट हाती लागतात. खरी डोकेदुखी वेगळीच. रात्री दहाला सगळ्यांनी दिवे मालवले की टर्बाइनवरचा भार उतरतो, ती सुसाट फिरू लागते आणि व्होल्टेज चढून उरलेले बल्ब जातात. मोठ्या ग्रिडला एका पाड्याची झोप जाणवतही नाही. पंधरा किलोवॅटला जाणवते. म्हणून अशा केंद्रात एक नियंत्रक बसवतात. वापर घटला की तो उरलेली वीज तापणाऱ्या कॉइलमध्ये वळवतो. जनित्राला वाटतं, गाव अजून जागंच आहे. माझ्या मते छोट्या जाळ्यांच्या इतिहासात टर्बाइनपेक्षा या डब्याचा मान मोठा.

बिलगावचं काम नर्मदा बचाओ आंदोलनातल्या गावकऱ्यांनी श्रमदानाने उभं केलं. तांत्रिक बाजू केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या अभियंत्यांची, पैसा आणि मदत ‘एड’ या परदेशस्थ भारतीयांच्या संस्थेची. त्याआधी नर्मदाकाठच्या डोमखेडीत काही बल्ब लागतील इतपत प्रयोग झाला होता. २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये ओढ्यावर वीज काढण्याचा जो प्रसंग आहे, त्याचं मूळ बिलगावात असल्याचं नेहमी सांगितलं जातं. सिनेमातलं चरणपूर मात्र वाईजवळच्या मेणवलीत उभारलं होतं.

सिनेमात न दिसलेला भाग पुढचा. २००६ मध्ये नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची भिंत १२१.९२ मीटरवर न्यायचं काम चाललं होतं, आणि त्याच पावसाळ्यात बिलगावचं केंद्र पाण्यात गेलं. सरदार सरोवराची वीजक्षमता १,४५० मेगावॅट, आणि त्यातला सत्तावीस टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्या वाट्यासाठी आपल्या राज्याने नंदुरबारची तेहतीस गावं बुडितात दिली. विजेसाठी वीज बुडवण्याचा असा व्यवहार कुठल्या वहीत जमा धरायचा, ते मला उमगत नाही.

बिलगावचे दिवे लागले त्याच २००३ सालच्या विद्युत कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवान्याची अट काढून टाकली. पुढे सौर पॅनलही आवाक्यात येत गेले. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ने बॉश सोलरच्या मदतीने नऊ-साडेनऊ किलोवॅटचं सौर जाळं उभारलं. एकोणचाळीस घरं, प्रत्येक घराला मीटर, आणि बिल वसुलीला गावाचाच ट्रस्ट. युनिटचा दर सरकारी विजेपेक्षा बराच चढा, कारण बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात आणि तो पैसा आजच बाजूला टाकावा लागतो. एका वाडीपुरती वीज स्वस्त पडते असं कुणी सांगितलं, तर त्याला बॅटरीचा भाव विचारावा. पण दरेवाडीच्या जाळ्यावर पिठाची गिरणीही चालली. नेपाळचीच रीत, फक्त क्रम उलटा.

आता भोकरदनकडे सबस्टेशनजवळ पॅनल लावून कृषी फीडरला दिवसा वीज देण्याच्या गोष्टी चालतात. रात्रीच्या पाळीने पाणी भरणाऱ्याला ती हवीच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. दिसायला ती बिलगावची भावकी वाटते, पण नातं लागत नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइनमनच्या जिवासाठी असा बनवलेला असतो की वरची लाइन गेली की तोही थांबतो. मग पॅनलवर टळटळीत ऊन असलं तरी मोटर बंदच.